आयटीआयचा बागकामाचा ट्रेड: प्रवेशापासून पहिल्या कामापर्यंत

दहावीचा निकाल लागला की मला दरवर्षी दोन-तीन फोन येतात. कुणाच्या भाच्याला इलेक्ट्रिशियन मिळत नाही, कुणाच्या मुलीला कारखान्यात जायचं नाही, आणि आयटीआयच्या यादीत खाली कुठेतरी 'हॉर्टिकल्चर' दिसलेलं असतं. "ते माळीकामच ना? त्यासाठी कशाला शिकायचं?" हा प्रश्न हमखास येतो. मीही असाच यादीत खाली सरकत सरकत या ट्रेडला आलो आणि आता बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या बागा करून पोट भरतो. दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवतो.

ट्रेड कोणता घ्यायचा

यादीत दोन नावं दिसतील. एक 'हॉर्टिकल्चर', दुसरं 'फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग'. दोन्ही एक वर्षाचे, दोन्हींना दहावी पास लागतं. पहिल्यात फळझाडं, भाजीपाला, रोपवाटिका यांवर भर असतो. दुसऱ्यात फुलझाडं, लॉन, बागेची आखणी. घरी चार गुंठे का होईना जमीन असेल आणि नर्सरी काढायचं डोक्यात असेल तर पहिला घ्या. शहरात राहून कामं घ्यायची असतील तर दुसरा. निम्मा अभ्यास दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे जवळच्या आयटीआयत जो असेल तो घेतला तरी रडायचं कारण नाही.

याच विषयाचे दुसरेही रस्ते आहेत. कृषी तंत्रनिकेतनाची पदविका आहे. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी आहे. ती राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांत मिळते. महापालिकेत उद्यान अधीक्षक व्हायचं स्वप्न असेल तर पदवीकडेच जा, आयटीआयवर तिथवर पोचता येत नाही. पण लवकर हाताला काम हवं असेल तर एक वर्षाचा ट्रेड चांगला, आणि त्याला कमी लेखू नका. पदवीधर मुलांना मी डोळा भरताना, म्हणजे एका झाडाची कळी दुसऱ्याच्या सालीत बसवताना, पाहिलंय. काहींना चाकू धरता येत नाही.

प्रवेश

सरकारी आणि खासगी दोन्ही आयटीआयचे प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून, दहावीच्या गुणांवर होतात. अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. तो जवळच्या आयटीआयत जाऊन कागदपत्रं दाखवून निश्चित करावा लागतो आणि त्यानंतर पसंतीक्रम भरायचा असतो. दरवर्षी काही मुलं हा तिसरा टप्पा विसरतात. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर हे सगळं निकालाआधीच गोळा करा, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.

पसंतीक्रम भरताना एक खबरदारी घ्या. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे 'बघू तरी' म्हणून भलतंच नाव पहिलं टाकू नका.

जागा निश्चित करण्याआधी संस्थेत एकदा स्वतः जाऊन या. इमारत बघू नका, मागे जा. शेडनेट, म्हणजे रोपांवर सावली धरणारी जाळी, आहे का, त्याखाली रोपं आहेत का आणि ती जिवंत आहेत का? कुंड्यांत गवत माजलं असेल आणि निदेशक (आयटीआयचे शिक्षक) म्हणत असतील की प्रात्यक्षिकं पुढच्या महिन्यात सुरू करू, तर पसंतीक्रमात दुसरी संस्था वर घ्या.

पहिले दोन महिने

वर्ग साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणजे ऐन पावसात. हातात पहिली वस्तू येईल ती टिकाव नाहीतर खुरपं. गुलाबाचं कलम करायला आलेल्या मुलाला महिनाभर खड्डे खणायला आणि पिशव्या भरायला लावतात, आणि इथेच बरेच जण गळतात. टिकून राहा. पिशवी भरणं हेही शिकण्यासारखं आहे. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर ते पिशवीत तापतं, मुळं खाणारी हुमणीची अळी येते, मुळं जातात. कुजलेलं खत ओळखायचं कसं? मुठीत घ्या, शेणाचा वास येत नाही, पावसानंतरच्या मातीसारखा येतो, आणि मूठ उघडली की मोकळं होतं.

अंगावर जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात गमबूट किंवा जाड बूट. चपलेवर खुरपणी करू नका. पावसाळ्यात गवतात काय असेल सांगता येत नाही. स्वतःचा सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) आणि स्वतःचा कलमाचा चाकू पहिल्याच महिन्यात घ्या, बाकी हत्यारं संस्थेची चालतील. चाकू दुसऱ्याला देऊ नका. बोथट चाकूने कलम लागत नाही आणि दुसऱ्याने वापरलेला चाकू बोथटच परत येतो.

नावं पाठ करा, दोन्ही

हजेरीइतकंच नियमित करायचं काम म्हणजे रोज पाच झाडांची नावं, मराठी आणि शास्त्रीय दोन्ही, वहीत. मुलं विचारतात, मराठी येतं ना, मग लॅटिन कशाला? गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "अंगणात चाफा लावा." कोणता? सोनचाफ्याचा उंच वृक्ष होतो. देवळाजवळचा खुरचाफा म्हणजे प्लुमेरिया, पानगळ झाली की नुसत्या जाड फांद्या. हिरवा चाफा आधार शोधत चढतो, त्याला मांडव लागतो. नागचाफा आणखी वेगळाच. चौघांचं कूळ एकमेकांशी जुळत नाही, पण नाव एक. नर्सरीवाल्याला फोनवर 'चाफा' सांगितलात तर टेम्पोतून काय उतरेल ते नशीब.

झाडाचं नाव लिहिताना शेजारी तीन गोष्टी लिहा: पूर्ण वाढल्यावर उंची किती, पसारा किती, पान कधी गळतं. बहाव्याखाली एप्रिलमध्ये पिवळा सडा पडतो, तो फोटोत छान दिसतो आणि स्विमिंग पूलशेजारी शिव्या खातो. सप्तपर्णी झटपट वाढते म्हणून सोसायट्यांनी रांगाच्या रांगा लावल्या, आणि आता दिवाळीच्या सुमारास रात्री तिच्या वासाने लोक खिडक्या लावून घेतात.

नावं शिकायला फारसे पैसे पडत नाहीत. पुण्यात असाल तर एम्प्रेस गार्डनमध्ये जा, जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन चुकवू नका. मुंबईत भायखळ्याची राणीबाग आहे. लोक प्राणी बघायला जातात, तुम्ही झाडं बघायला जा. नागपुरात महाराजबाग. आखणी बघायची असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघा. जपानी धर्तीचं आहे. पायवाट अशी वळवलीय की पुढचा भाग वळणावर गेल्याशिवाय दिसत नाही. वही घेऊन जा आणि वळण कुठे, का, ते काढून आणा.

पाणी

आता मुख्य गोष्ट. नव्या माळ्याच्या हातून झाडं मरतात ती बहुतेक पाणी जास्त होऊन. मुळांना हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरून राहिलं की हवा जाते, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानं पिवळी पडतात, मलूल होतात, अगदी तहानलेल्या झाडासारखी. माळी बघतो आणि आणखी पाणी घालतो.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, तरी केलंच. माझं पहिलं स्वतंत्र काम एका नव्या बंगल्याचं, हजार चौरस फूट लॉन. मी वरवरचा राडारोडा उचलला, चार इंच लाल माती टाकली आणि जूनअखेर मेक्सिकन लॉन लावलं. पंधरा दिवसांत हिरवंगार. जुलैच्या मोठ्या पावसात मधोमध परातीसारखं पाणी साचलं आणि तिथलं गवत पिवळं पडायला लागलं. मालकांना वाटलं पाणी कमी पडतंय, मला वाटलं खत कमी पडतंय. त्यांनी उघडीप मिळेल तेव्हा पाइप लावला, मी युरिया टाकला. ऑगस्टमध्ये उकरलं तर मातीखाली बांधकामाच्या वेळचा सिमेंटच्या मालाचा सपाट थर, घट्ट फरशीसारखा. पाणी जाणार कुठे? पूर्ण लॉन काढून थर फोडून पुन्हा केलं, माझ्या खर्चाने.

तेव्हापासून कुठल्याही जागेवर गेलो की आधी फूटभर खोल खड्डा खणतो, बादलीभर पाणी ओततो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येतो. पाणी तसंच असेल तर आधी निचऱ्याची सोय, मग बाकी बोलणी. आयटीआयच्या आवारात तीन-चार ठिकाणी हा प्रयोग स्वतः करून बघा. काळ्या मातीत आणि मुरमात किती फरक पडतो ते एकदा डोळ्यांनी दिसलं की विसरत नाही. कुंडीला पाणी द्यायचं की नाही हे ठरवायला बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर झारी खाली ठेवा.

कलमं

या वर्षातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. परीक्षेला एखाद-दुसरं कलम येतं, म्हणून मुलं तेवढंच करतात. तुम्ही शंभर करा.

सुरुवात गुटी कलमाने करा, कारण त्यात फसण्याची शक्यता कमी. डाळिंब, पेरू, क्रोटन कशावरही. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरची इंचभर रुंदीची साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर चाकूने खरवडायचा, वरच्या कापाला मुळं फुटण्याचं संजीवक लावायचं आणि ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळून पॉलिथिनने दोन्हीकडून घट्ट बांधायचं. पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. साल काढली की ते वरच्या कडेला अडतं, आणि मुळं तिथेच फुटतात. दीड-दोन महिन्यांत पांढरी मुळं पॉलिथिनमधून दिसायला लागतात. खालचा थर नीट खरवडला नसेल तर मात्र साल पुन्हा जुळते आणि हाती काही लागत नाही.

आंब्याचं कोयकलम ही कोकणातल्या नर्सऱ्यांची रोजीरोटी. कोय रुजून रोप दहा-पंधरा दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, तेव्हाच करायचं. जुलै-ऑगस्टची दमट हवा त्याला मानवते. मातृवृक्षावरची कलमकाडी, म्हणजे रोपावर बसवायची फांदी, तीन-चार महिने वयाची घ्यायची आणि तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळे फुगतात. रोप तीन इंचांवर छाटून मधोमध चीर, काडीला पाचरीसारखा काप, पाचर चिरेत बसवून पट्टी. काडी आणि रोप जाडीला सारखे नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. पट्टी सैल बांधली की आत पाणी शिरतं आणि सगळं काळं पडतं.

गुलाबाला 'टी' आकाराची खाच घेऊन डोळा भरतात, नागपूरकडे संत्र्याचे डोळे जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, भरतात. खुंट कशासाठी, हे निदेशकांना विचारा आणि नीट समजून घ्या. वरचं झाड फळ देतं, पण जमिनीशी सगळं भांडण खुंटाचं असतं.

प्रत्येक कलमाला तारखेची चिठ्ठी बांधा आणि वहीत लिहा: किती बांधली, किती लागली. माझ्या पहिल्या वीस कोयकलमांतली तीन लागली होती.

आखणी आणि हिशेब

लँडस्केपिंग म्हटलं की मुलांना वाटतं चित्रकला. कागदावर 1:100 प्रमाणात नकाशा काढायला शिकवतील, म्हणजे एक सेंटिमीटर बरोबर एक मीटर. तो काढायला शिका. पण पैसे मिळतात किंवा बुडतात ते नकाशा जमिनीवर उतरवताना. काटकोनासाठी दोरीवर 3, 4 आणि 5 फुटांचा त्रिकोण. गोल वाफ्यासाठी खुंटी आणि दोरी. रेषेवर फक्की (चुन्याची पांढरी पूड) मारायची, मग गच्चीवर किंवा जिन्यावर चढून वरून बघायचं. उतार लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, काढा. लॉनला शंभर फुटांना एक फूट उतार पुरे, डोळ्यांना सपाट दिसतो आणि पाणी निघून जातं.

आता हिशेब. हजार चौरस फूट लॉनला सहा इंच माती म्हणजे पाचशे घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे पाच ब्रास. पाणी मारल्यावर माती बसते, म्हणून सहा मागवा. गवत चार-चार इंचांवर टोचलं तर एका चौरस फुटात नऊ ठिकाणं, म्हणजे नऊ हजार टोचण्या. एक बाई दिवसात किती टोचते ते एकदा बसून मोजा, मग मजुरी कळेल. पन्नास फूट कुंपणाला कोयनेल दोन ओळींत फूटभर अंतराने लावायची तर शंभर रोपं, आणि मर धरून वर दहा. मोठ्या झाडाला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा लागतो, आणि तो मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यायचा असतो. लोक जूनमध्ये बोलावतात आणि 'आजच लावा' म्हणतात.

औषधं

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घराच्या बागेत लाल त्रिकोणाला हात लावायचा नाही, मालकाने आणून दिला तरी. फवारताना वारा पाठीमागून घ्या, हातमोजे आणि मास्क घाला, मध्ये तंबाखू मळायला थांबू नका.

बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध, स्वतः करायला शिका. एक टक्क्यासाठी शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून एकत्र ओतायचं. नंतर त्यात घासलेलं लोखंडी पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. तसंच फवारलंत तर पानं करपतात.

परीक्षा आणि अप्रेंटिसशिप

लेखी परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी. 'भारत स्किल्स' या सरकारी पोर्टलवरचे प्रश्नसंच सोडवले तर अडचण येत नाही. हजेरी ऐंशी टक्के लागते, ती मात्र खरंच मोजतात. पास झालात की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं.

त्यानंतर लगेच कामं घ्यायचा मोह होतो. आधी वर्षभर अप्रेंटिसशिप करा: महापालिकेचा उद्यान विभाग, मोठं हॉटेल, एखादी कंपनी, जिथे मिळेल तिथे. विद्यावेतन थोडं असतं, पण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एकाच बागेत काढला की कळतं कोणतं काम कधी उरकायचं असतं: ऑक्टोबरची गुलाब छाटणी, सप्टेंबरात पेरायची हिवाळी फुलं, उन्हाळ्यात जगणारा झिनिया. मी सुट्टीच्या दिवशी पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांत हिंडायचो. कोणाकडे काय माल, भाव काय, उधारी कोण देतं, हे तिथे चहा पीत कळतं.

कायद्याच्या तीन गोष्टी

शहरात झाड तोडायचं असेल तर 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मालक म्हणतील, "माझ्या आवारातलं आहे, तोडा." करवत तुमच्या हातात असते, तेव्हा आधी परवानगीचा कागद बघायला मागा. मोठ्या फांद्या छाटायच्या असल्या तरी उद्यान विभागाकडे अर्ज करायला सांगा. फळझाडांची कलमं विकायची असतील तर 1969 च्या फळ रोपवाटिका कायद्याप्रमाणे परवाना काढावा लागतो. आणि व्हिजिटिंग कार्डावर नुसतं 'आर्किटेक्ट' छापू नका. तो शब्द 1972 च्या कायद्याने नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी राखलेला आहे, 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला मात्र त्यात सूट आहे. 'उद्यान व लँडस्केप कामे' एवढं पुरतं.

पहिलं काम

पहिलं काम ओळखीतलं मिळेल आणि ओळखीतलं माणूस लेखी काही मागणार नाही. तरी द्या. कोटेशनमध्ये माती किती ब्रास, रोपं कोणती (शास्त्रीय नावाने), पिशवी किती इंची आणि रोपाची उंची किती, हे सगळं आकड्यांत लिहा. पाण्याचा नळ आणि वीज मालकाची. राडारोडा कोण उचलणार ते वेगळ्या ओळीत. मेलेली रोपं किती महिने बदलून देणार ते लिहा. मी तीन महिने देतो, तेही देखभाल माझ्याकडे असेल तरच. निम्मे पैसे माती पडायच्या आधी घ्या.

आणि कोटेशन द्यायच्या आदल्या दिवशी तिथे फूटभर खड्डा खणून पाणी ओतून या.